सकाळी उतरणारी सूज

कवडू भोयरनं आयुष्यात एकाही जनावराला मुद्दाम दुखवलं नाही, हे आमच्या गावात कोणीही सांगेल. मी याच गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात एकवीस वर्षं कंपाउंडर आहे. मी सांगतो, त्यानं जितक्या गाई भाजल्या तितक्या आमच्या दारात सुई टोचायलाही आल्या नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल बोलताना माझं डोकं फिरतं. माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

आमचं गाव वडनेरपासून तीन-चार किलोमीटर आत. कवडूचं वय सत्तरीच्या पुढे. त्याच्या आईची पहिली तीन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून हा जन्मला तेव्हा तिनं याला शेजारणीला एका कवडीला विकलं आणि लगेच मांडीवर परत घेतलं. विकलेल्या लेकराच्या मागं मरण लागत नाही, असं आमच्याकडं मानतात. नाव पडलं कवडू. तो जगला, आणि मामाच्या हाताखाली राहून डाग द्यायला शिकला.

डाग म्हणजे तापवलेल्या इळ्याचा, म्हणजे विळ्याचा, चटका. गाईच्या जबड्याखाली पाण्याच्या पिशवीसारखी सूज आली की आमच्याकडं म्हणतात, गळा उतरला. मग बोलवायचं कवडूला. त्याची रीत ठरलेली होती. डाग दिवेलागणीलाच द्यायचा. गोवऱ्यांवर इळा लाल करायचा, सुजेवर तीन आडव्या रेघा ओढायच्या, वरून हळद आणि तेल. पुढचे तीन दिवस जनावर चरायला सोडायचं नाही, गोठ्यातच बांधून उंच गव्हाणीत कडबा टाकायचा. यासाठी त्यानं कोणाकडून कधी काही घेतलं नाही. चहासुद्धा डागानंतर घ्यायचा नाही, गुण जातो म्हणे.

आणि सकाळी सूज उतरलेली असायची. दर वेळी. मग मालक गावभर सांगत फिरायचा. महिन्या-दोन महिन्यांनी तीच गाय मेली तर ती तिच्या कर्मानं मेली, कवडूनं तर गळा बरा केला होता. पन्नास वर्षं हे असं चाललं. आमच्या शिवारात जबड्याखाली तीन रेघा नसलेली म्हातारी गाय शोधून सापडणार नाही.

खरं काय ते दवाखान्यात मला शिकवलेलं होतं. ही सूज गळ्याची नसतेच. पोटातल्या जंतांची असते, त्यातही काळजात, म्हणजे यकृतात, घर करणाऱ्या चपट्या जंतांची. ते रक्त पिऊन जनावराला इतकं फिकं करतात की अंगात नुसतं पाणी उरतं. दिवसभर जनावर मान खाली घालून चरतं, तेव्हा ते पाणी जबड्याखाली उतरून साठतं. रात्री ते मान वर करून रवंथ करत बसतं, आणि पाणी ओसरतं. सकाळी सूज नसते. डाग द्या, नका देऊ, सकाळी ती नसतेच. कवडू संध्याकाळी भाजायचा आणि श्रेय रात्र त्याच्या पदरात टाकायची.

हे मी गावाला सांगितलं का? एक-दोनदा सांगितलं, लोक हसले, मी सोडून दिलं. पगार तर चालूच होता.

कवडूचा मुलगा राकेश ट्रक चालवतो. पंधरा दिवस बाहेर, दोन दिवस घरी. चार वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं तेव्हा मोहिनीच्या बापानं तिला आंदणात एक कालवड दिली. तिचं नाव हरणी. पांढरी, लांबट तोंडाची, गवळाऊ जातीची. मोहिनीला अजून मूलबाळ नाही. सासू आधीच वारलेली. त्या घरात तिचं म्हणावं असं जे काही होतं ते चार पायांवर गोठ्यात उभं होतं. हरणीच्या दुधामुळे तिचा शब्द घरात चालायचा, आणि राकेशनं कधी आवाज चढवला तर ती सरळ म्हणायची, “मायी गाय घेऊन जाईन मी मायच्या घरी.” मग राकेश गप्प व्हायचा.

कवडूचा त्या गाईवर जीव होता. सुनेपेक्षा जास्त, असं मी म्हणेन. गाव सुकलं तरी हरणीला हिरवं मिळावं म्हणून तो रोज कालव्याच्या पाझरावर जायचा. तिथं बारमाही ओल, गुडघाभर लुसलुशीत गवत. कापून भारा आणायचा, नाहीतर गाईलाच तिकडं घेऊन जायचा. त्या पाझरात नखाएवढ्या गोगलगायी असतात. जंताची पिल्लं त्यांच्या अंगात वाढतात, बाहेर पडून गवताच्या पात्याला चिकटतात, आणि गाय ते पातं खाते. उन्हाळ्यात गावातल्या सगळ्या गाई कोरडा चारा खात होत्या. कवडूची लाडकी तेवढी रोज ताजं विष खात होती, आणि तो शेजारी बसून तिची मान खाजवत होता.

दिवाळीनंतर हरणीचं दूध आटायला लागलं. तेव्हा ती सहा महिन्यांची गाभण होती, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. मग शेण पातळ झालं, पापणी उलटून पाहिली तर कागदासारखी पांढरी. आणि एका संध्याकाळी जबड्याखाली सूज दिसली.

मोहिनी बारावीपर्यंत शिकलेली. तिनं एक गोष्ट केली जी पन्नास वर्षांत गावातल्या कोणाला सुचली नव्हती. सूज दिसली त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी एक आणि सकाळी एक असे मोबाइलवर फोटो काढत गेली. सात दिवसांचे चौदा फोटो घेऊन ती सोमवारी दवाखान्यात आली. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं शेण.

“भाऊ, पाहा. संध्याकायी सूज येते, सकायी जाते. डाग दिल्याबिगरच जाते. मामाजी म्हणतात डाग द्या लागते. मी त्याइले आठ दिवस थांबवून ठेवलं हाये. तुमी शेण तपासून द्या, मंग मी त्याइच्याशी बोलतो.”

मी फोटो पाहिले. खोटं कशाला सांगू, मला तिचा हेवा वाटला. एकवीस वर्षं मला ठाऊक असलेली गोष्ट मला कधी कोणाला दाखवता आली नव्हती, आणि ही पोरगी मोबाइलवर घेऊन आली होती.

“गुरुवारी डॉक्टर रुचिका मॅडम येतात,” मी म्हणालो. “ठेवून जा. त्या पाहतील.”

“तुमाले नाई पाहता येत?”

येत होतं. सूक्ष्मदर्शक कपाटात होता. शेण पाण्यात कालवायचं, गाळ बसू द्यायचा, काचेवर थेंब घ्यायचा. अर्ध्या तासाचं काम. पण त्या दिवशी साळ्याकडं जेवण होतं आणि मला हिंगणघाटला निघायचं होतं. मी म्हणालो, “मॅडमचीच सही लागते.” तिनं पिशवी खिडकीत ठेवली. मंगळवारी मी ती पाहिली, बुधवारी पाहिली. वरून शेण वाळत चाललं होतं.

बुधवारी दिवेलागणीला मोहिनी दळण आणायला गेली होती. ती परत आली तेव्हा हरणीचे चारही पाय बांधून तिला आडवं पाडलेलं होतं आणि शेजारचे किसनराव शिंगं दाबून बसले होते. तिसरी रेघ ओढून झाली होती. जळालेल्या केसांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. कवडू गाईच्या कानाशी वाकून तिला समजावत होता, “झालं माय, झालं वो, आता तुले आराम पडते.” तो खरोखर रडत होता. बोंबलून थकलेली गाय त्याच्याकडंच पाहत होती.

गुरुवारी सकाळी सूज नव्हती. किसनराव शेजारपाजाऱ्यांना हाताला धरून दाखवायला आणत होते.

त्याच सकाळी मॅडमनी शेण तपासलं. अंडीच अंडी. “आजचाच नमुना आहे ना?” त्यांनी विचारलं, कारण वाळलेला दिसत होता. मी होय म्हणालो आणि रजिस्टरमध्ये गुरुवारची तारीख घातली. मॅडमनी औषधाची बाटली काढून दिली. आमच्याकडची ती शेवटची. गाभण गाईलाही चालतं, पण आजच पाजा, गाय फार खंगलेली आहे, असं त्यांनी बजावलं, आणि मोहिनी आली तेव्हा बाटली मी तिच्या हातात दिली.

पुढचं मला मोहिनीनं शुक्रवारी रिकामी बाटली हातात घेऊन सांगितलं. ती औषध पाजायला निघाली तर कवडू गोठ्याच्या दारात आडवा झाला.

“सूज उतरली ना? मंग औषध कायले?”

“मामाजी, सूज संध्याकायी पुना येते. पोटात जंत हायेत.”

“गाभणीले कडू पाजलं का गाभ पडते. इतकंही तुये मायनं नाई शिकवलं तुले?” आणि त्यानं बाटली तिच्या हातातून घेतली, बूच काढलं, उकिरड्यावर जाऊन सगळी ओतली. वर बाटली धुऊन तिला परत दिली, रॉकेलला कामी येईल म्हणाला. यातही राग नव्हता. गाय वाचवल्याचं समाधान होतं.

“दुसरी द्या,” मोहिनी मला म्हणाली. “मी लपून पाजतो.”

“दुसरी नाही. मागवावी लागेल. पुढच्या गुरुवारी पाहू.”

हिंगणघाटच्या दुकानात ते औषध मिळतं. माझ्याकडं मोटारसायकल आहे. अर्ध्या तासाचा रस्ता. मी बसून राहिलो. का, ते मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. चिडलो होतो. तिच्यावर, कवडूवर, त्या वाळलेल्या पिशवीवर. म्हटलं, यांच्या घरचं भांडण, यांनी निस्तरावं.

शनिवारी सूज पुन्हा आली. असं होतं हे कवडूला कधी कळलंच नव्हतं, कारण दुसऱ्यांच्या गाईंची सूज परत आली की ते सांगायला येत नसत, लाजेनं गप्प बसत. ही त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्याला वाटलं, जीव आहे म्हणून हात हलका पडला. म्हणून त्यानं पहिल्या तीन रेघांवरच पुन्हा इळा टेकवला, आणि या वेळी दाबून धरला.

हरणीनं खाणं सोडलं. रविवारी जखमेत अळ्या पडल्या. सोमवारी तिनं गाभ टाकला, केसही न आलेलं वासरू. ती जी बसली ती उठली नाही. बुधवारी दुपारी गेली.

गुरुवारी मॅडमनी नाल्याकाठी तिला फाडलं. मी सोबत होतो. किसनराव आणि आणखी चौघं पाहायला उभे होते, मोहिनी थोडी मागं. कवडूला कोणी बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला होता. काळीज बाहेर काढलं तर ते काळजासारखं दिसतच नव्हतं. मॅडमनी सुरी घातली तेव्हा वाळूवर ओढल्यासारखा करकर आवाज आला, आणि कापलेल्या नळ्यांमधून चपटे, मातकट जंत बाहेर आले. भिजलेल्या पानांसारखे. काही हलत होते.

मॅडमनी विचारलं, “औषध दिलं होतं ना त्या दिवशी?”

मोहिनीनं सासऱ्याकडं पाहिलं. पाच माणसं उभी होती. चार लोकांत सासऱ्याला उघडं कसं पाडायचं, हे तिच्या मायनं तिला खरोखरच शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, “दिलं, मॅडम. थोडंसं सांडलं.”

माझ्या तोंडात शब्द आला होता. मी गिळला. पण राग कुठंतरी निघायला पाहिजे होता. मी काळजातला एक जंत उचलला, कवडूपाशी गेलो आणि म्हणालो, “हात करा पुढं.” त्यानं तळहात पुढं केला. मी जंत त्यावर ठेवला.

“याची सूज होती ती. कालव्यावरच्या गवतातून आलेला हा. तुम्ही चारलेला. डागाचं काही नव्हतं.”

त्यानं जंत बोटानं उलटवून पाहिला. मग म्हणाला, “मंग बाकीच्याइचं?”

“कोणाचं?”

“बाकीच्या गाई. आजवरच्या.”

खोटं बोललो असतो तर काही बिघडत नव्हतं. म्हातारा माणूस, किती दिवस उरलेत. पण मी म्हणालो, “बहुतेकींचं हेच. फुकट भाजल्या.” मॅडम माझ्याकडं पाहायला लागल्या. कवडूनं तो जंत खाली टाकला नाही. मूठ मिटून घरी गेला.

दोन दिवसांत गावात गोष्ट तयार झाली. ती किसनरावांनी केली, आणि त्यांनी केलेली गोष्ट गावात पक्की असते. मोहिनीच्या हातात बाटली त्यांनी पाहिली होती, औषध दिल्याचं तिच्याच तोंडून ऐकलं होतं. कवडूनं गळा बरा केला, सुनेनं दवाखान्याचं कडू पाजलं, गाभ पडला, गाय गेली. सरळ हिशोब. जंतांचं विचारलं तर म्हणायचे, जंत काय, सगळ्याच गाईत असतात.

ही गोष्ट फोनवर राकेशपर्यंत पोचली. तो कुठंतरी रायपूरच्या पुढं होता. त्यानं मोहिनीला फोन करून सांगितलं की गाय तूच मारली, पोटातल्या वासरासकट. मी येईन तेव्हा तू घरात दिसू नको. आता तिच्यापाशी घेऊन जायला गायही नव्हती.

हे तिनं मला पंचनाम्याच्या कागदावर सही घ्यायला मी गेलो तेव्हा सांगितलं. पंधरवडा उलटला होता, राकेश दुसऱ्या दिवशी येणार होता. संध्याकाळची वेळ. “मामाजींनी एकडाव सांगतलं पायजे,” ती हळू आवाजात म्हणाली. “औषध पोटात गेलंच नाई, एवढंच. राकेश त्याइचं ऐकते. मी रोज म्हणून राह्यली, ते बोलतच नाई.” कवडू ओसरीवर भिंतीला टेकून बसलेला. पंधरा दिवसांत तो अर्धा झाला होता. गावात कोणाच्या गोठ्याकडं फिरकला नव्हता, कालव्याकडंही नाही.

तेवढ्यात किसनराव आपली गाय घेऊन अंगणात आले. तिच्या जबड्याखाली सूज होती.

“कवडूभाऊ, गया उतरला इचा. डाग द्या लागते.”

कवडूनं गाईकडं पाहिलं. मग म्हणाला, “दवाखान्यात ने, किसना.”

मला वाटलं, आता बोलेल. मोहिनी एक पाऊल पुढं आली.

किसनराव हसले. “दवाखान्यात? तुमच्या सुनेनं नेलं तसं? पाहलं ना काय झालं ते. गाभण हाये मायी बी. तुमी बरी केलेली गाय औषधानं मारली, मी सगळ्या गावाले सांगून राह्यलो का कवडूभाऊचा हात कधी खाली गेला नाई.”

कवडूच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी पाहिलं. पंधरा दिवस उपाशी माणसापुढं कोणी ताट ठेवावं तसं झालं. पन्नास वर्षांच्या गाई, त्यांच्या रेघा, त्यांच्या कानात सांगितलेलं सगळं किसनराव त्याला परत देत होते. फक्त एका माणसाला दोषी राहू द्यायचं होतं.

तो उठला. गोवऱ्या त्यानं स्वतःच रचल्या आणि इळा निखाऱ्यात खुपसला.

“मामाजी,” मोहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “औषध कोणं सांडलं ते सांगा ना किसनकाकाले. डाग द्या मंग. मी अडवत नाई.”

कवडूनं निखारा फुंकला.

“कोणतं औषध?” तो म्हणाला.

किसनरावांनी माझ्याकडं पाहिलं. मोहिनीनंही पाहिलं. बाटली मी दिली होती. धुऊन आणलेली रिकामी बाटली मी माझ्या हातात घेतली होती. एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललो असतो तर बाटली कधी दिली हे निघालं असतं, नमुना कधी आला हे निघालं असतं, सोमवार आणि गुरुवार यांच्यामधले तीन दिवस निघाले असते. माझ्या रिटायरमेंटला चौदा महिने उरले आहेत.

“कंपाउंडरभाऊ, तुमी तर सांगा,” ती म्हणाली.

“तुमच्या घरातलं मला काय माहीत,” मी म्हणालो.

मग किसनराव म्हणाले, जरा शिंगं धरता का भाऊ, मी पाय बांधतो. मी कागद खिशात ठेवला आणि शिंगं धरली.